पाच कोंबड्या, तीन पेट्या, आणि अंडी सगळी कूलरमध्ये

ओटलेवाली (इंदूर) | २१ मार्च

नमस्कार मंडळी, बरेच दिवसांनी लिहितेय आणि लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही लोकमान्य नगरला राहतो, घरामागे थोडं अंगण आहे. मागच्या ऑगस्टमध्ये पिल्लं आणली होती, त्यातली आता पाच कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. तीन गावठी, दोन कडकनाथ. कडकनाथ दिरांनी झाबुआहून आणून दिल्या, ते तिकडेच नोकरीला आहेत. जानेवारीच्या शेवटी पहिलं अंडं मिळालं तेव्हा आमच्या लेकीने ते शाळेत दाखवायला न्यायचा हट्ट धरला होता.

तर अडचण अशी की मी अंडी घालायला म्हणून चोइथराम मंडीतून सफरचंदाच्या तीन लाकडी पेट्या आणल्या, घासून धुतल्या, उन्हात वाळवल्या, आत गोणपाट घातलं, आणि खुराड्यातल्या भिंतीला ठोकून दिल्या. तिकडे एकजण फिरकत नाही. पाचही जणी जातात मागच्या ओट्यावरच्या जुन्या लोखंडी कूलरमध्ये! दिवाळीनंतर त्याची एक जाळी काढून ठेवली होती, आतलं गवत तसंच राहिलं होतं, तिथे त्यांनी वाटीसारखा खळगा केलाय आणि अंडी तिथेच.

आता परवा रंगपंचमी झाली, दुपारी अंगण तापायला लागलंय, आठ-दहा दिवसांत सासूबाईंच्या खोलीला कूलर लावावाच लागेल. मी दोनदा गवत काढून टाकलं तर आमची तांबडी कोंबडी दिवसभर त्या रिकाम्या लोखंडी डब्याभोवती ओरडत फिरली, शेवटी नुसत्या पत्र्यावर अंडं घातलं आणि ते तडकलं. मला इतकं वाईट वाटलं की गवत परत ठेवून दिलं. काय करावं?

राऊचा_शेतकरी | २१ मार्च

ताई पेट्या किती उंचीवर ठोकल्या आहेत, आणि त्या रात्री बसतात ती दांडी किती उंच? आणि खुराड्यात बल्ब आहे का, असेल तर कुठे? हे सांगा मग बोलू.

ओटलेवाली | २१ मार्च

पेट्या साधारण माझ्या छातीएवढ्या, म्हणजे चार फूट असतील, मांजराच्या भीतीने वर लावल्या. दांडी दोन फुटांवर. बल्ब पेट्यांच्या वरच आहे, त्यांना आत नीट दिसावं म्हणून मुद्दाम तिथे लावला.

आणि अजून एक सांगते, चार दिवस मी सकाळी पोह्याची बशी घेऊन ओट्यावर बसून नुसतं बघितलं, कारण खरंच कळत नव्हतं की त्या कूलरमध्ये एवढं काय आहे. तांबडी साडेनऊच्या सुमारास दाणा सोडते. बाकीच्या टिपत असतात पण हिचं लक्ष नसतं. मग मान उंच करून एक लांबलचक रडका आवाज काढते, गाऽऽऽक गाक गाक, अंडं घातल्यावरचा कलकलाट वेगळा, हा आधीचा. अंगणभर येरझाऱ्या, प्रत्येक कोपऱ्यात डोकावणार, तुळशीमागे, सायकलखाली, मग कूलरपाशी येऊन मान आत, मान बाहेर, आत जाणार, बाहेर येणार. असं सात-आठ वेळा. आत बसली की मग पायाने गवत उकरते, छाती दाबून गोल फिरते, चोचीने एकेक काडी उचलून स्वतःच्या पाठीवर टाकते. हे पाठीवर टाकणं कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही. साधारण पाऊण तास. मग एकदम शांत, पिसं फुलवते, अर्धवट उभी राहते, शेपटी खाली, आणि अंडं. ओलं चमकतं आणि बघता बघता सुकतं. मग बराच वेळ ती नुसती उभी राहून त्याच्याकडे बघत असते. आणि बाहेर आल्यावर तो गोंधळ, कोंबडा पण धावत येऊन सूर लावतो.

आणि तोवर बाहेर बाकीच्या रांगेत! एक कडकनाथ तर थांबतच नाही, तांबडीच्या अंगावरच जाऊन बसते. दोघी त्या एवढ्याशा जागेत. पेट्या तीन-तीन रिकाम्या.

राऊचा_शेतकरी | २२ मार्च

ताई तुम्ही एवढं बारीक बघितलं ते फार छान केलं, उत्तर सगळं तुमच्याच लिहिण्यात येऊन राहिलं आहे. आमच्याकडे तीस-पस्तीस नग आहेत, वडलांपासून, तर अनुभवाने सांगतो.

कोंबडीला अंडं घालायला आडोसा पाहिजे. अंधार, तीन बाजू बंद, डोक्यावर छप्पर, आणि खाली काहीतरी जे पायाने उकरता येईल, छातीने दाबून खळगा करता येईल. तुमच्या कूलरमध्ये हे सगळंच आहे. पेटीत काय आहे, वर बल्ब आणि खाली गोणपाट. गोणपाट उकरलं की नखात अडकतं, खळगा होत नाही. बल्ब आधी काढा तिथून. पेट्या खाली आणा, जमिनीपासून फूट-दीड फूट पुरे, आणि दांडीपेक्षा खालीच पाहिजेत, नाहीतर रात्री दांडी सोडून पेटीत झोपतील कारण कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा बघते, आणि मग सकाळी पेटी घाण. मांजराची काळजी असेल तर खुराड्याच्या जाळीला करा बंदोबस्त.

पेटी फूटभर लांब फूटभर रुंद फूटभर उंच असली की एका कोंबडीला बरोबर होते. फार मोठी नको, तिला अंग टेकायला भिंत लागते. समोर खालून चार बोटं फळी मारा म्हणजे भुसा आणि अंडं बाहेर येणार नाही. वरून गोणपाटाचा पडदा अर्धा सोडा, गोणपाट तिथे कामाला येईल. आत गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा, चांगला वीतभर. आणि कूलरचं ते जुनं गवतच दोन मुठी प्रत्येक पेटीत घाला, ओळखीची वस्तू आहे.

पाच कोंबड्यांना खरं तर एक किंवा दोन पेट्या पुरतात. तीन असल्या तरी जाणार एकीतच. दुसरीने जिथे घातलं ती जागा धोक्याची नाही हे त्यांना कळतं, म्हणून अंडं दिसलं की तिथेच बसावंसं वाटतं. तर पेटीत खोटं अंडं ठेवा. आम्ही संगमरवराचं ठेवतो, पिंगपाँगचा बॉल पण चालतो. आणि कूलरमध्ये अंडं राहू देऊ नका, लगेच उचला.

महूचा_पशुवैद्य | २२ मार्च

वरचं सगळं बरोबर आहे. मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलो, सध्या निमसरकारी कामात आहे, थोडं आतलं सांगतो कारण ओटलेवाली ताईंनी विचारलं नसलं तरी त्यांच्या प्रश्नाच्या मुळाशी तेच आहे.

पिवळा बलक सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण २४ ते २६ तास जातात. त्यात पांढरं चढायला तीनेक तास, आतला पापुद्रा सव्वा तास, आणि टरफल बनायला जवळजवळ २० तास. म्हणजे सगळा वेळ टरफलाचाच. आता गंमत बघा, आज तांबडी जी कूलरभोवती फिरते तो आदेश आज निघालेला नसतो. काल जिथून बलक सुटला, ती अंडाशयावरची रिकामी झालेली पिशवी, तिच्यातून निघणाऱ्या संप्रेरकांनी ही वेळ बांधलेली असते. ती पिशवी काढून टाकल्यावर कोंबडी घरटं न शोधता कुठेही अंडं टाकते हे प्रयोगांत दिसलंय. आणि उलटही होतं, कधी बलक नळीत न जाता पोटातच पडतो, अंडं येणारच नसतं, तरी ती वेळेवर पेटीत जाऊन बसते, खळगा करते, सगळं करते. म्हणजे अंडं टोचतंय म्हणून ती जागा शोधत नाही, तिला आतूनच ती ओढ असते.

ही ओढ केवढी असते तर घरट्यापर्यंत जायला मध्ये जड दार ठेवलं तर अंड्याच्या वेळी कोंबडी ते ढकलून जाते, असेही प्रयोग झालेत. आणि घरटं मिळालं नाही तर तासन् तास येरझाऱ्या, तोच लांब रडका आवाज. युरोपात २०१२ पासून साध्या पिंजऱ्यांवर बंदी आली त्यामागे हे एक मोठं कारण होतं, तिथे पिंजरा असला तरी आत घरटं आणि दांडी द्यावी लागते. त्यामुळे ताई, गवत काढल्यावर तिचं ओरडणं बघून तुम्हाला वाईट वाटलं ते अगदी बरोबर वाटलं. त्या वेळी तिला खरोखर त्रास होत होता.

काडी पाठीवर टाकण्याबद्दल: रानकोंबडी झुडपाखाली जमिनीवर घालते, बसल्या बसल्या आजूबाजूचा पाचोळा जवळ ओढते, त्याने घरट्याची कड बनते आणि तीही झाकली जाते. तीच सवय.

वेळा लिहून ठेवा, मजा येईल. रोज थोडं उशिरा होत जाईल आणि मग एक दिवस खाडा.

ओटलेवाली | २२ मार्च

अहो डॉक्टरसाहेब, लेकीची वही आहेच! तांबडीचं बघा: सोमवार ८:५०, मंगळवार ९:४०, बुधवार ११:००, गुरुवार १२:२०, शुक्रवार नाही, शनिवार ८:३०. आम्हाला वाटलं शुक्रवारी दाणा कमी पडला.

महूचा_पशुवैद्य | २२ मार्च

दाण्याचा दोष नाही. दिवस २४ तासांचा आणि अंड्याला लागतात २५-२६, म्हणून रोज पुढे सरकतं. दुपार कलली की पुढचा बलक सहसा सुटत नाही, म्हणून मग एक दिवस खाडा आणि परत सकाळपासून सुरू. लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा, अगदी पुस्तकात छापावी अशी नोंद आहे.

बडोद्याची_पमा | २३ मार्च

मध्येच विचारते. आमच्या सोसायटीत कोंबडा ठेवू देत नाहीत, नुसत्या कोंबड्या ठेवल्या तर अंडी घालतील का? आणि कडकनाथची अंडी काळी असतात हे खरं का, इथे एकजण काळी म्हणून विकतो.

राऊचा_शेतकरी | २३ मार्च

कोंबडा नसला तरी अंडी घालतात, फक्त पिल्लं निघणार नाहीत. कडकनाथची कातडी काळी, मांस काळं, हाडांवर पण काळी झाक, पण अंडं फिकट बदामी. काळं अंडं कोणी देत असेल तर घेऊ नका. झाबुआच्या कडकनाथला २०१८ ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं मानांकन, मिळाल्यापासून नावावर बरंच काही विकलं जातं.

लष्करची_माई | २३ मार्च

मी ग्वाल्हेरची, लष्करमध्ये जुना वाडा होता आमचा, आता मुलाकडे फ्लॅटात असते पण वाचून सगळं डोळ्यासमोर आलं. आमच्याकडे पेट्याबिट्या नव्हत्या. फुटक्या रांजणाचा तळ, आडवा ठेवायचा, त्यात चुलीची राख दोन ओंजळी, वर कडुनिंबाचा पाला, त्यावर काड. राख का, तर पिसवा होत नाहीत. बाळ, पेटीत रात्री हात घालून बघ. बोटावर लाल बारीक काही चढलं तर कोंबडी तिथे कधीही बसायची नाही, तू संगमरवर ठेव नाहीतर चांदीचं अंडं ठेव. लाकडाच्या जुन्या पेट्यांच्या सांध्यात हे फार असतं.

आणि तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, पहिल्यांदा अंड्यावर यायची असली की आई ओळखायची. तुरा लाल भडक व्हायचा, पाठीवर हात ठेवला की पंख पसरून खाली बसायची. मग दोन दिवस तिला सकाळी डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, रांजणाशेजारी डालून ठेवायचं. एकदा तिथे घातलं की जन्मभर तिथेच.

एक सांगते, अंडं घालत असताना तिला हात लावू नये, जवळ जाऊन बघू पण नये. आमच्या वाड्यात मुलांना सक्त ताकीद असायची. घाबरली तर अंडं धरून ठेवते.

महूचा_पशुवैद्य | २३ मार्च

माईंचं शंभर टक्के खरं आहे, घाबरली की अंडं काही तास रोखून धरू शकते आणि मग टरफलावर खडबडीत जास्तीचा चुना चढतो. पिसवांचं तर मी लिहायलाच विसरलो होतो, पेट्या आधी तपासाच.

ओटलेवाली | २५ मार्च

माई, तुम्हाला मनापासून नमस्कार. रात्री टॉर्च घेऊन गेले, तीनपैकी दोन पेट्यांच्या सांध्यात खरंच लाल ठिपके हलत होते. त्या पेट्या अंगणाबाहेर नेऊन उकळतं पाणी ओतलं, दिवसभर कडक उन्हात ठेवल्या. राख शेजारच्या तंदूरवाल्याकडून आणली. बल्ब काढला, पेट्या दीड फुटावर आणल्या, पडदे लावले, पिंगपाँगचे बॉल ठेवले. काल दुपारी पांढरीने डाव्या पेटीत घातलं!! मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

पण आता नवीनच. तांबडी कूलरमधून उठतच नाहीये. परवा संध्याकाळपासून. हात नेला की पिसं फुगवून पसरट होते आणि चिडून चोच मारते. पोटाखालची पिसं उपटलेली दिसली, मला वाटलं आजारी आहे.

लष्करची_माई | २५ मार्च

खुडूक झाली गं बाई, अंडी उबवायला बसलीय! आजार नाही. रवणीला बसव, अंडी ठेव तिच्याखाली.

कोथरूडचा_पाहुणा | २५ मार्च

आमच्या गावी खुडूक कोंबडीला थंड पाण्याच्या बादलीत बुडवून काढायचे, दोन दिवसांत परत अंडी सुरू. कूलर पण मोकळा होईल.

महूचा_पशुवैद्य | २५ मार्च

कृपया बुडवू नका. अंग भिजून थंड पडतं, घाबरून मरतात पण. खुडूक मोडायचीच असेल तर खाली हवा लागेल अशा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवायचं, दाणापाणी भरपूर, घरटं नाही. पण ताईंकडे कोंबडा आहे, अंडी फळलेली असणार, तर बसू द्यावी असं माझं मत. आणि कडकनाथ सहसा स्वतः खुडूक बसत नाही, त्यांची अंडी गावठीखालीच ठेवतात. चांगली संधी आहे.

ओटलेवाली | २५ मार्च

कूलरमध्येच बसवू का? सासूबाई म्हणाल्या मला नको कूलर, तिला बसू दे, २१ दिवसांचाच तर प्रश्न आहे. पण एप्रिलमध्ये त्या लोखंडी डब्यात तिचे काय हाल होतील? ओट्यावर दुपारी ऊन येतं.

राऊचा_शेतकरी | २६ मार्च

नको ताई, भाजून निघेल. आज रात्री हलवा. पूर्ण अंधार झाल्यावर, टॉर्च कमीत कमी, एकजण कोंबडी उचला आणि दुसऱ्याने कूलरमधला तो खळगा गवतासकट जसाच्या तसा उचलून पेटीत ठेवा. पेटी जिन्याखाली किंवा न्हाणीघराच्या मागे, जिथे ऊन नाही आणि बाकीच्या येणार नाहीत, नाहीतर त्यांचीही अंडी तिच्याखाली घालत बसतील आणि कुठलं किती दिवसांचं ते कळणार नाही. खाली आधी बॉलच ठेवा. बसून राहिली की मग आठवड्याच्या आतली अंडी, नऊ पुरेत, प्रत्येकावर पेन्सिलीने खूण. आणि हलवल्यावर कूलरला जाळी लावून टाका लगेच, नाहीतर सकाळी परत तिथेच.

ओटलेवाली | ३० मार्च

पाडव्याच्या शुभेच्छा सगळ्यांना! २६ च्या संध्याकाळी अंधार पडल्या पडल्या हलवली, यजमानांनी तांबडीला छातीशी धरलं, मी गवत. जिन्याखाली पेटी. तासभर उभीच होती, माझा जीव खालीवर. मग दोन-तीनदा कुकुक केलं, चोचीने बॉल पोटाखाली ओढले आणि बसली. रात्रीच नऊ अंडी ठेवली, पाच कडकनाथची चार गावठी.

दिवसातून एकदाच उठते, वीस मिनिटं. एकदम मोठी घाण वासाची शी, पाणी, दाणा, राखेत लोळण, आणि पळत परत. अंडी चोचीने फिरवत असते सारखी. आज गुढीला नैवेद्य दाखवला आणि सासूबाई वाटीत तिच्यासाठी भिजवलेली बाजरी घेऊन जिन्याखाली बसल्या होत्या.

महूचा_पशुवैद्य | ३० मार्च

छान. फिरवते म्हणून आतला गर्भ टरफलाला चिकटत नाही. सातव्या दिवशी रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जिवंत. स्वच्छ दिसलं तर काढून टाका. शेवटचे तीन दिवस अजिबात हात लावू नका.

बाकीच्या चौघींना आता उन्हात टरफलं पातळ येतील. धापा टाकल्या की श्वासातून कार्बन डायऑक्साइड जास्त जातो आणि टरफलाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून बारीक केलेली अंड्याचीच टरफलं वेगळ्या वाटीत ठेवा, गार पाणी सावलीत, आणि खुराड्यावर ओलं गोणपाट.

ओटलेवाली | ३ एप्रिल

काल बघितलं. नवांपैकी सातांत शिरा!! एकात तर काळा ठिपका हलताना दिसला. लेक ओरडली आणि तांबडीने मला चोच मारली.

लष्करची_माई | १४ एप्रिल

बाळ, काय झालं? रोज बघते इथे येऊन.

ओटलेवाली | १६ एप्रिल

माई, काल रात्री जिन्याखाली कान लावला तर अंड्यांतून चिवचिव येत होती. बंद अंड्यातून! आणि तांबडी त्यांना हळू आवाजात कुक् कुक् उत्तर देत होती. यजमान, मी, सासूबाई, लेक, चौघंही पायऱ्यांवर बसून होतो, कोणी बोललं नाही. पहाटे पहिलं निघालं, दुपारपर्यंत सहा. चार काळी, दोन पिवळट. सातव्याला चीर पडली होती पण निघालं नाही, वाट बघतोय.

दाणा अजून द्यायचा का? ती स्वतः उठत नाहीये.

महूचा_पशुवैद्य | १६ एप्रिल

अभिनंदन! घाई नको. शेवटचा बलक पोटात ओढून घेऊनच पिल्लू बाहेर येतं, दोन दिवस त्यावर निघतात. म्हणून तर तांबडी मागे राहिलेल्या अंड्यासाठी थांबू शकते. उद्या ती स्वतः घेऊन उठेल, तेव्हा बारीक कणी आणि उथळ ताटलीत पाणी, ताटलीत खडे घाला म्हणजे पिल्लं बुडणार नाहीत.

ओटलेवाली | १८ एप्रिल

सातवं नाही निघालं. लेकीने तुळशीपाशी पुरलं. काल सकाळी तांबडी सहा जणांना घेऊन अंगणात आली, कोंबडा बाजूला उभा राहून बघत होता. दिवसा डालग्याखाली ठेवते, घार फिरते वरून. डालगं माई म्हणाल्या म्हणून सियागंजात शोधलं, नाही मिळालं, शेवटी महूच्या हाटात मिळालं.

कूलरला नवीन गवत घालून कालच सासूबाईंच्या खोलीला लावला. कडकनाथ दोघी काल दिवसभर त्या खिडकीखाली येऊन वर बघत होत्या. आज मात्र वहीत आहे, लेकीच्या अक्षरात: ९:१०, काळी मोठी, डावी पेटी. १०:०५, काळी छोटी, डावी पेटी. १०:०५ ला पांढरी पण आतच होती.